पाहुण्यांचं पाणी

यंदाही नळ आठवड्यावर गेला. मार्च सरला की आमच्या गल्लीचा आवाज बदलतो. निळी पिंपं फरशीवरून घरंगळत बाहेर येतात, त्यांची झाकणं उघडताना पॉक असा आवाज होतो, आणि दिवसातून कितीदा तरी कुणीतरी कुणाला तरी विचारतं, "आलं का?" काय आलं ते कुणी म्हणत नाही. उन्हात पडून राहिलेल्या पाइपला तापलेल्या प्लॅस्टिकचा वास येतो आणि त्यातून येणारी पाण्याची पहिली धार कोमटच असते. मी आता घरून काम करते. मीटिंग चालू असताना पाणी आलं तर माइक बंद करून मोटार लावायला पळते, आणि परत येऊन स्वच्छ इंग्रजीत म्हणते की नेटवर्कचा प्रॉब्लेम होता. पाणी आलं होतं, हे सांगायची मला लाज वाटते.

लाज आमच्या घरात काही नवी नाही. पण या पाणीटंचाईच्या दिवसांत ती मला एका ठरावीक वासासकट आठवते. काचेच्या टाकीतल्या ओल्या खडीचा आणि बकऱ्यांच्या औषधाचा वास.

ती टाकी अजून आमच्या हॉलमध्ये आहे. पप्पा सिल्लोडला एका आडतीवर हिशेब लिहायचे. आठवडाभर तिथंच खोली करून राहायचे, शनिवारी संध्याकाळी घरी. आल्यावर हातपाय धुऊन ते टाकीसमोर खुर्ची ओढायचे. मी शेजारी स्टुलावर बसायची. आम्ही दोघंही कमी बोलणारे. मी इंग्रजी शाळेत गेल्यापासून तर पप्पा माझ्याशी बोलताना शब्द पारखून घ्यायचे, जणू मी चुका काढीन. टाकीसमोर मात्र बोलावं लागत नसे. गप्पी मासे वरखाली करत राहायचे, नरांच्या शेपट्या पदरासारख्या हलायच्या, आणि पप्पा मधेच म्हणायचे, "मोठी आज खुशीत आहे." मोठी म्हणजे पिवळ्या शेपटीची, सगळ्यांत जुनी मादी. आठवड्याचं आमचं बापलेकीचं बोलणं साधारण एवढंच. ते मला पुरायचं, आणि त्यांनाही पुरत असावं.

मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते त्या उन्हाळ्यात मासे वाळायला लागले. आधी वाटलं, उन्हानं असेल. मग पोटं आत गेली. खायला टाकलं की धावून यायचे, खायचेही, पण अंगाला काही लागत नव्हतं. पाठ वाकडी दिसायला लागली. विष्ठा पांढऱ्या दोऱ्यासारखी, लांब, मागं लोंबत राहायची.

खातात पण अंगी लागत नाही, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. आमच्याकडं कुणी नातेवाईक आलं की चहाच्या आधी माझ्या मनगटाकडं बघायचं. मावशी तर हाताच्या दोन बोटांत माझं मनगट धरून मम्मीला दाखवायची. "सुमन, जंत झालेत बघ हिला. तू कितीबी चार, ते जंतच खायलेत." मग मम्मी मला गोळी द्यायची, वर गुळाचा खडा. दुसऱ्या दिवशी संडासच्या दाराबाहेरून विचारायची, "पडले का?" मी उत्तर द्यायची नाही. आपल्या पोटात आपल्याला न विचारता कुणी राहतं, आणि त्याची चौकशी सगळ्यांसमोर होते, हे मला तेव्हा फार वाईट वाटायचं. अजूनही वाटतं. म्हणून असेल, टाकीतली ती आत गेलेली पोटं पाहताना मी पहिल्यांदा इकडंतिकडं पाहिलं. हॉलमध्ये कुणी नाही ना.

मग एके दिवशी मोठीच्या मागच्या बाजूनं लाल तंतू बाहेर आलेले दिसले. शिवणकामाच्या दोऱ्याएवढे बारीक. ती स्थिर झाली की ते हळूच बाहेर यायचे, हलली की आत जायचे. जंतांचं जीवनचक्र मी आठवड्यापूर्वीच पेपरात आकृतीसकट लिहून आले होते. आकृतीत सगळं स्वच्छ असतं. बाणांनी जोडलेलं.

औरंगपुऱ्यात जिथून पप्पा मासे आणायचे तिथं मी गेले. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती. दुकानदारानं विचारलं, "क्या हुआ मॅडम?"

"वर्म्स," मी म्हटलं.

"कहाँ पे?"

इथं माझी भाषा संपली. पुस्तकातला मराठी शब्द तिथं कुणाला कळला नसता आणि घरातला शब्द मी परक्या माणसासमोर मेले तरी उच्चारला नसता. इंग्रजीत तो शब्द मी प्रयोगवहीत कितीदा तरी लिहिलाय, काही वाटलं नाही. ज्यांच्यासमोर मला लाज वाटते त्यातलं कुणीही इंग्रजीत राहत नाही. मी फोनवर काढलेला फोटो पुढं केला. शेजारच्या गिऱ्हाइकानंही मान वाकडी करून तो पाहिला.

"अरे फेक दो इसको," दुकानदार म्हणाला. "इत्तीसी मछली का इलाज कौन करता? नई ले जाव."

मी काही न घेता परत आले. रात्री फोनवर वाचत बसले. या लाल जंतांवर लिव्हामिसोल चालतं, असं बऱ्याच जणांनी लिहिलं होतं. तेच औषध शेळ्यामेंढ्यांना देतात. पप्पांना फोन केला.

"माशांना वर्म्स झालेत."

"जंत?"

"हो."

"कशावरून? दिसले का?"

"दिसले."

"कुठं?"

सिल्लोडच्या रस्त्यावरून जाणारा ट्रॅक्टर फोनमधून ऐकू आला.

"मागं," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले. "औषधाचं नाव सांग. स्पेलिंग सांग."

शनिवारी ते बाटली घेऊन आले. बाटलीवर बकरीचं चित्र होतं. जनावरांच्या औषधांच्या दुकानात गर्दी होती म्हणे, सगळे शेतकरी. माशांना पाहिजे, असं म्हणायला पप्पांची जीभ रेटली नाही. दुकानदारानं विचारलं, बकऱ्या किती? पप्पा म्हणाले, चार. कुणाच्या? मेव्हण्याच्या. वजन किती असंल एकेकीचं? पप्पांनी तेही सांगितलं. "एक गाभण आहे म्हटलं तर तिला नका देऊ म्हणाला," ते बुटाचे बंद सोडत म्हणाले. मम्मी हसून हसून भिंतीला टेकली. पप्पाही हसले, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्या मला त्यांच्याकडूनच मिळाल्यात.

औषधाचं प्रमाण मी बसवलं. बकरीच्या वजनावरचं गणित टाकीतल्या पाण्यावर आणायचं होतं, आणि ते मी पुन्हा पुन्हा तपासलं. उजेडात हे औषध लवकर निकामी होतं, म्हणून औषध घातल्यावर टाकी झाकायची. मम्मीनं जुनी काळी शाल दिली. दिवसभर अंधारात राहिलं की जंत लुळे पडतात आणि माशांच्या अंगातून सुटून तळाला जातात. मग लगेच तळ पाइपनं ओढून काढायचा आणि बहुतेक पाणी बदलायचं. नाहीतर मासे तेच पडलेले जंत खातात, आणि औषधाच्या पाण्यात जास्त वेळ राहिले तर अशक्त असलेले आधी जातात. आमच्याकडं तर सगळेच अशक्त होते.

मी पाण्याचा दिवस धरूनच औषध घातलं होतं. सकाळी औषध, दुसऱ्या दिवशी नळ. पप्पा जाताना शालीचं टोक उचलून आत न बघता म्हणाले, "मोठीकडं लक्ष दे." आणि सिल्लोडला गेले.

दुसऱ्या दिवशी नळ आला नाही. कुठंतरी मोठी पाइपलाइन फुटली होती. आमचं पिंप तळाला गेलेलं, त्यात स्वयंपाकापुरतं. समोरच्या गल्लीत टँकर आला होता, पण त्या पाण्याला ब्लीचिंग पावडरचा असा वास की डोळे चुरचुरावेत. माशांना ते लगेच चालत नाही. साठवून मुरलेलं पाणी हवं होतं. असं पाणी आमच्या घरात एकाच ठिकाणी होतं. खाली, शकीला खालाच्या हौदात.

खाला आमची घरमालकीण. खालच्या मजल्यावर एकटी राहायची, मुलं दोन्ही आखातात. अंगणात जुना दगडी हौद, त्यावर पत्र्याचं झाकण, झाकणाला कुलूप. टंचाईत लोक पैसे उसने मागतील, पण पाणी मागताना घसा कोरडा पडतो. आणि माशांसाठी पाणी? गल्लीत हंड्यावरून हाणामाऱ्या होत होत्या.

मी शालीखाली डोकं घालून पाहिलं. मोठी तळाला एका कुशीवर होती. कल्ले जोरात हलत होते. मम्मीनं माझ्याकडं पाहिलं, पदर खोचला आणि जिना उतरली. मी वरच्या पायरीवर थांबले.

"खाला, चार हंडे पाणी मिळंल का? नळ आला की भरून देते."

"चार?"

"पाहुणे यायलेत. सिल्लोडहून."

मग खालाचा आवाज, एकदम बदललेला. "बेटीला बघायला?"

मम्मीनं नाही म्हणायला हवं होतं. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त खोचलेला पदर दिसत होता. ती म्हणाली, "हौ... तसंच."

"अरे तो पैले बोलना था ना, सुमन." कुलूप उघडल्याचा आवाज आला.

चारच्या जागी सहा हंडे मिळाले. त्यामागून खालाचा स्टीलचा मोठा ट्रे आला, कपबश्या आल्या, एक न वापरलेली पलंगपोस आली, आणि डब्यात नानकटाया. तासाभरात गल्लीला कळलं. समोरच्या काकूंनी त्यांची स्कूटी आमच्या गेटपासून लांब नेऊन लावली. कुणीतरी रेडिओ बारीक केला. आणि मी खिडकीतून खाली पाहिलं तेव्हा काकू आमच्या दारासमोर धूळ बसावी म्हणून सडा टाकत होत्या. त्यांच्या घरात अंघोळी बंद होत्या त्या आठवड्यात. बादलीच्या तळाला हात घालून त्या पाणी शिंपडत होत्या, पाण्याचा थेंब न थेंब बोटांनी निपटून.

"मम्मी, त्यांना सांग ना," मी म्हटलं.

"काय सांगू?"

मी खिडकीपासून बाजूला झाले.

"तू आधी कपडे बदल," ती म्हणाली. "कुणी वर आलं तर."

म्हणून मी मोरपंखी कुर्ता घालून, कानात डूल घालून, टाकीचा तळ ओढायला बसले. पाइपमधून बादलीत येणाऱ्या पाण्यात ते लाल दोरे होते. काही अजून किंचित वळवळत होते. बादली भरली की मोरीत ओतायची. मोरीचं पाणी भिंतीवरच्या पाइपनं खाली नालीत पडतं आणि नाली खालाच्या दारावरून पुढं जाते. टंचाईत आमच्या गल्लीत नालीकडं सगळ्यांचं लक्ष असतं. ती ओली दिसली की लोक वर बघत येतात, कुणाचं एवढं पाणी वाहतंय.

पाणी वाहत होतं. मी शेवटची बादली ओतली आणि मोरीच्या जाळीतून पाहिलं. खाला ओट्यावर बसली होती, पाहुण्यांची वाट बघत, धुतलेली ओढणी डोक्यावरून घेऊन. तिनं नालीकडं पाहिलं. मग वर. मी मागं सरकले. पुन्हा पाहिलं तेव्हा ती खराटा घेऊन उभी होती आणि ते पाणी पुढं लोटत होती, भराभर, गल्लीच्या टोकाकडं. नाली कोरडी होईपर्यंत. पाहुण्यांसाठी साफ करतेय बिचारी, मला वाटलं.

संध्याकाळ झाली. नवीन पाण्यात मासे कोपऱ्यात गोळा होऊन उभे होते. कुणी आलं नाही, कारण कुणी येणारच नव्हतं. पण गल्ली थांबली होती. काकू दोनदा गॅलरीत येऊन गेल्या. दुसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मी ओळखते, मनगटाकडं बघणाऱ्या लोकांची. दिवे लागल्यावर खालाचा आवाज ऐकू आला, समोरच्या गॅलरीपर्यंत पोचेल असा. "फोन आला होता त्यांचा. गाडी बिघडली. फुलंब्रीजवळ. आता कधी यायचे ते मागून कळवतील."

मम्मी स्वयंपाकघरात पोळी लाटत होती. लाटणं थांबलं. "मी तर असं काही सांगितलं नाही," ती हळूच म्हणाली.

थोड्या वेळानं खाला वर आली. टाकीकडं पाठ करून बसली. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "कायकू मुँह उतारी? जो आना है वो आता." मी मान खाली घातली. माझं लाजणं तिला त्या दिवशी कशाचंही वाटू शकलं असतं. मम्मीनं तिला चहा दिला, तिच्याच कपात, तिचीच नानकटाई. खालानं ती चहात बुडवून खाल्ली.

मोठी रात्रीत गेली. बाकीचे जगले.

शनिवारी पप्पांनी नानकटाईचा डबा उघडून विचारलं, "कोण आलं होतं?" मम्मीनं सांगितलं. मला वाटलं ते हसतील. त्यांनी डबा बंद केला. "मी बकऱ्या सांगितल्या, तू पाहुणे सांगितले," ते म्हणाले. "एका बोटभर माशासाठी." मग टाकीसमोर खुर्ची ओढून बसले. मी स्टुलावर. पिवळी शेपटी दिसत नव्हती, त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. खूप वेळानं म्हणाले, "पोटं भरायलीत बघ बाकीच्यांची."

औषध काही दिवसांनी पुन्हा द्यावं लागतं. पहिल्या वेळी अंड्यापिलांच्या रूपात जे वाचतात, ते तोवर मोठे होतात. दुसऱ्या वेळी मात्र पाणी आधीच साठवून ठेवलं होतं. लाजेवर असा दुसरा डोस नाही. ती पण पिलं मागं ठेवते. त्यानंतर कितीतरी दिवस गल्लीत कुणी बोलता बोलता गप्प झालं की मला वाटायचं, माझंच चाललंय. काकूंनी पुढं त्यांच्या भाचीच्या लग्नाला मला करवली म्हणून उभं राहायला बोलावलं नाही, उगीच तिला वाईट वाटायचं म्हणून. हे त्यांनी मम्मीला स्वतः सांगितलं, चांगल्या मनानं.

पावसाळ्यात गप्पींना इतकी पिलं झाली की पप्पांनी एक बरणी भरून खालाला नेऊन दिली. डासांच्या अळ्या खातात म्हणून हौदात सोडायला. खरेच पाहुणे आले ते पुढं केव्हातरी. खालाचा तोच ट्रे वर आला. मुलाची आई टाकीसमोरच्या खुर्चीत बसली, मला पाहिलं, माशांना पाहिलं, आणि म्हणाली, "अंगानं जरा बारीकच आहे." मम्मी म्हणाली, "खाते चांगली." मी टाकीतल्या टम्म पोटांकडं बघत राहिले. त्यांचा काही निरोप आला नाही. या वेळी गाडी कुणाचीच बिघडली नव्हती.

परवा, दुपारची गोष्ट. पाणी येऊन बरेच दिवस झालेले. खालाची मोटार जळालीय, त्यामुळे गेल्या पाण्याला तिचा हौद भरलाच नाही. आता तिला चालताना भिंत धरावी लागते. अंगणातून तिनं हाक मारली.

"सुमन. ओ सुमन. दो हंडे मिलते क्या? मेहमान आ रे."

मम्मीनं वरून विचारलं, "कुठून यायलेत खाला?"

"सिल्लोड से."

मम्मीनं माझ्याकडं पाहिलं नाही. हंडा भरून दिला. मी तो कमरेवर घेऊन खाली गेले. खालाकडं पाहुणे यायचं काही चिन्ह नव्हतं. चटई तशीच, तिच्या अंगावर घरातली विटकी ओढणी, चुलीवर काही नाही.

"कुठं ठेवू?"

"हौद में डाल."

"हौदात? पाहुण्यांना प्यायला..."

"डाल बेटा."

मी झाकण सरकवलं. तळाला एका कोपऱ्यात वितभर पाणी उरलं होतं आणि त्यात गप्पी दाटीनं उभे होते, तोंडं वर करून. त्यात एक पिवळ्या शेपटीची होती. मी हंडा कडेला टेकवून भिंतीवरून हळूहळू पाणी सोडलं. मासे आधी दबकले, मग पसरले.

खाला ओट्यावर बसून तसबीह फिरवत होती. माझ्याकडं तिचं लक्ष नव्हतं, किंवा तसं ती दाखवत होती. खराटा तिच्या शेजारीच भिंतीला टेकलेला होता. समोर नाली कोरडीठाक. माझे कान तापायला लागले.

"पाहुणे?" मी विचारलं.

"फोन आया था," ती म्हणाली. "गाडी बिगड गई."

मी रिकामा हंडा दोन्ही हातांत धरून उभी होते.

"फुलंब्रीजवळ?"

"हौ," खाला म्हणाली. एक मणी पुढं सरकला. "वहींच."

मी जिना चढून वर आले. मम्मी दारातच होती. "आले का पाहुणे?" तिनं विचारलं.

"यायलेत," मी म्हटलं, आणि दुसरा हंडा पिंपाच्या तोटीखाली लावला.